झऱ्याचा ठराव आणि न उघडणारं पान

वेल्ह्यात एस.टी. स्टँडच्या मागं माझं ऑनलाईन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. असल्या दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत, पंख्याच्या पात्यावर धूळ साचते तसे ते आपोआप साचतात. चार मैत्रिणी जमल्या की त्या म्हणतात, "सांग गं तुझ्या दुकानातलं काहीतरी." मी सांगते, त्या पोट धरून हसतात, आणि हसून झालं की एखादी विचारते, "मग शेवटी झालं का त्या माणसाचं काम?" तिथं माझी बोलती बंद होते.

या उन्हाळ्यातले सगळे किस्से एकाच कामाचे आहेत. काम धोंडीबांचं. पासलीच्या वरच्या अंगाला एक गाव आहे, नाव सांगत नाही, मला तिथल्या लोकांचे फॉर्म भरायचे असतात. त्या गावाच्या डोक्यावर धनगरांची पाच घरं, त्या वस्तीला वरची वाडी म्हणतात. धोंडीबा तिथलेच. गाव आणि वाडीच्या मधे एक झरा. दहा-बारा वर्षांपूर्वी ग्रामसभेत ठराव झाला होता, की होळीपासून पाऊस लागेपर्यंत दुपारी बारापर्यंत झऱ्याचं पाणी वरच्या वाडीच्या जनावरांना, आणि बारानंतर गावाला. यंदा गावातल्या अण्णांनी झऱ्याला पाईप लावला आणि पाणी खाली आपल्या तंबूंच्या टाकीत नेलं. शनिवार-रविवार पुण्याची मंडळी तिथं राहायला येतात, त्यांना आंघोळीला पाणी लागतं. धोंडीबांनी ठरावाची आठवण दिली तर अण्णा म्हणाले, "कसला ठराव? असंल तर कागद दावा."

ठरावाचं रजिस्टर पंचायतीनं इमारत बदलली तेव्हाच कुठंतरी गेलं. पण गावच्या शाळेत एक गुरुजी होते. त्यांना कॉम्प्युटरचा नाद. त्यांनी गावाची वेबसाईट काढली होती आणि ग्रामसभेच्या ठरावांचे फोटो काढून त्यावर टाकले होते. गुरुजी वारले, वेबसाईटही बंद पडली. आता इंटरनेटवर जुनी पानं साठवून ठेवणाऱ्या संस्था असतात. बंद पडलेल्या वेबसाईटचा पत्ता टाकायचा, तारीख निवडायची, की तेव्हाचं पान जसंच्या तसं उघडतं. असं मी धोंडीबांना सांगितलं, आणि तीच माझी चूक झाली. धोंडीबा सत्तरीचे, घरी तीन म्हशी आणि पाच गाई. महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेला ठराव दाखवायचा, म्हणजे पाणी सुटेल, एवढं एक त्यांच्या मनात बसलं. हातात दीड महिना होता.

*

पहिली अडचण पत्त्याची. वेबसाईटचं नेमकं नाव गावात कुणालाच आठवेना. कुणी म्हणे गावाचं नाव होतं, कुणी म्हणे देवाचं. शेवटी धोंडीबा म्हणाले, "साळंच्या भितीवर गुरुजींनी रंगवून घेतला व्हता की."

आम्ही गेलो. भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा होता. गुरुजी गेल्यावर कुणीतरी पत्त्यावरच नकाशा काढून घेतलेला. धोंडीबांनी आठवून आठवून एक जागा दाखवली आणि पत्र्याचा तुकडा घेऊन खरडायला सुरुवात केली. बाई वर्गातून बाहेर येईपर्यंत रत्नागिरीपर्यंत मजल गेली होती. पत्ता कोकणाखाली होता, पूर्ण मिळाला. मी फोटो काढून घेतला.

बाई डोक्याला हात लावून उभ्या. "बाबा, आता मुलांना मी काय शिकवू?"

धोंडीबा पत्रा पुसत म्हणाले, "समुद्र आत आलाय म्हनावं."

*

दुकानात येऊन आधी त्या संस्थेचा पत्ता टाकला. पान उघडेना, लाल खूण आली. ही जोडणी सुरक्षित नाही, मागं फिरा. माझ्या कॉम्प्युटरचा आतला सेल गेलेला आहे. लाईट गेली की त्याचं घड्याळ पार मागं जातं, दहा-बारा वर्षं मागं. आणि तारीख चुकली की नेटवरच्या अर्ध्या गोष्टी तुम्हाला दारात उभं करत नाहीत. सेल बदलायचा म्हणून मी तीन वर्षं ठरवते आहे.

धोंडीबांना सांगितलं, "बाबा, याचं घड्याळ मागं गेलंय. याला वाटतंय अजून तेच जुनं साल चालू आहे."

"कुठलं साल?"

मी सांगितलं. धोंडीबांनी बोटांवर मोजलं, दोनदा मोजलं.

"मंग त्या सालात ठराव झालेला हाय. झऱ्याला पानी हाय, गुरुजी जित्तं हायती. तुमी त्यालाच इचारा की."

मी हसले. दुकानात फॉर्म भरायला बसलेले दोघंही हसले. धोंडीबा हसले नाहीत. ते पडद्याकडं बघत राहिले, आणि मी तारीख दुरुस्त केली तेव्हा त्यांनी मान वळवली.

*

तारीख दुरुस्त केल्यावर पुढचं दार लागलं. चौकोनी चित्रं आली, नऊ घरं, आणि सूचना की ज्या घरांत सिग्नल आहे ती निवडा. वेल्ह्यात सिग्नल नाही. धोंडीबांनी आयुष्यात एकदा पुण्यात बघितलेला, तोही एस.टी.च्या खिडकीतून. तरी त्यांनी चार घरं बरोबर दाखवली. पाचव्या घरावरून वाद झाला. सिग्नल चौथ्या घरात होता, पण त्याची कड पाचव्यात जरा आली होती.

मी म्हणाले, "हेपण धरायचं."

"का?" धोंडीबा म्हणाले. "म्हशीचं शेपूट बांधाच्या पल्याड गेलं म्हनून म्हैस दुसऱ्याची व्हती व्हय?"

दुकानात बसलेल्यांपैकी एकजण माझ्या बाजूनं झाला, दुसरा धोंडीबांच्या. दाखल्यासाठी आलेल्या एक मावशी म्हणाल्या, शेपटीनं पीक मोडत असेल तर धरावी. आम्ही शेपूट धरून पाठवलं, नापास. शेपूट सोडून पाठवलं, नापास. मग पायऱ्या आल्या, सायकली आल्या, एकदा पाण्याचा एक बुटका लाल नळ आला, तो कुणालाच ओळखता आला नाही. पाऊण तासानं सगळी चित्रं गेली आणि एक रिकामा चौकोन राहिला.

"आता काय म्हंतंय?"

"तुम्ही माणूस आहात का, असं विचारतंय. असाल तर तिथं टिक करायची."

धोंडीबांनी खुर्ची जरा पुढं ओढली. "हितं तरी इचारतंय," ते म्हणाले.

*

टिक करूनही त्या दिवशी पान उघडलं नाही. शनिवारी ते पुन्हा आले. पाच तास उन्हातनं डोंगर उतरून येतात हो, मला नाही म्हणवत नाही. त्या दिवशी संस्थेचं पान उघडलं आणि लगेच नवी पाटी आली. तुमच्याकडून फार विनंत्या आलेल्या आहेत, काही वेळानं या.

"आपन तर सकाळपास्नं येकदाच केली," धोंडीबा म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं. जास्तीचं मागितलं असा आरोप त्या माणसावर आजवर कुणी केला नसावा.

मी समजावलं. मोबाईलचं नेट आहे, एका टॉवरवरचे पुष्कळ फोन बाहेरून एकाच पत्त्याचे दिसतात. शनिवार आहे, तंबूंमधे पुण्याची शेदीडशे माणसं आलेली आहेत, ती सगळी मोबाईल चाळत पडलेली आहेत. त्यांचं आणि आपलं एकत्र मोजलं जातंय.

धोंडीबांनी विचार केला. "म्हंजी अण्णाची गिऱ्हाईकं आन् आमी येकाच घरचं?"

"नेटला तसं वाटतं."

"मंग पानी का येगळं?"

मी फॅन दोनवर केला.

*

मधे मी त्या संस्थेला एक ईमेल लिहिलं. इंग्रजी माझं बेताचं आहे, दोन संध्याकाळी त्यात गेल्या. झरा, म्हशी, ग्रामसभा, सगळं लिहिलं. उत्तर एका मिनिटात आलं, मला आनंदानं घाम फुटला. उत्तरात लिहिलं होतं की आपला संदेश मिळाला, आपल्यासारख्या अडचणींची उत्तरं आमच्या मदतीच्या पानावर आहेत. खाली लिंक होती. लिंक दाबली. ही जोडणी सुरक्षित नाही, मागं फिरा. रात्री लाईट गेली होती ना.

*

ग्रामसभेला आठवडा राहिला. तोवर धोंडीबांनी गाभण म्हैस लेकीच्या सासरी पानशेतला पाठवली होती. तिथं धरणाचं पाणी आहे. बाकीची जनावरं ते रोज खालच्या ओढ्यातल्या डबक्यावर नेत होते, जायला दीड तास, यायला दोन. एक गाय वाटेत बसली ती उठायला तयार नव्हती, असं त्यांनी मला सांगितलं आणि काठी घेऊन उठले.

कुणीतरी म्हणालं, आपल्या तालुक्यातल्या पालीत जा. तिथं किल्ल्यावर येणाऱ्यांसाठी एका खानावळीनं वायरचं नेट घेतलंय, ते मोबाईलचं नाही. मी दुकान बंद केलं आणि स्कूटीवर धोंडीबांना मागं बसवून निघाले. त्यांनी काठी आडवी धरलेली, त्यामुळं समोरची प्रत्येक जीप थांबून आम्हाला वाट देत होती. आयुष्यात एवढा मान मला रस्त्यावर कधी मिळाला नाही.

खानावळीत लॅपटॉप उघडला. संस्थेचं पान आलं. पत्ता टाकला, कॅलेंडर आलं, त्यात दोन तारखांना दोन ठिपके. गुरुजींची वेबसाईट दोनदा साठवली गेली होती. पहिला ठिपका दाबला. वर गावाचं नाव, देवळाचा फोटो, खाली ‘ग्रामसभेचे ठराव’ आणि त्याखाली रिकामी चौकट. अक्षरं साठवली होती, फोटो साठवला नव्हता.

दुसरा ठिपका दाबला. यात फोटो होता. पण नेट मंद, फोटो वरून खाली पट्टीपट्टीनं उतरायला लागला. रजिस्टरचं पान, गुरुजींचं वळणदार अक्षर. मी मोठ्यानं वाचत होते, खानावळीतले ट्रेकरही पोहे सोडून उभे राहिलेले. "होळीपासून पाऊस लागेपर्यंत झऱ्याचे पाणी दुपारी बारा वाजेपर्यंत..."

आणि थांबलं. फोटो तिथंच थांबला. स्वयंपाकघरात मालकीणबाईंनी वाटण करायला मिक्सर लावला होता, आणि मिक्सर लावला की नेटचा डबा बंद पडायचा.

धोंडीबा आत गेले. मला फक्त त्यांचा आवाज आला. "माय, दोन मिन्टं कोरडं खाऊ द्या लोकास्नी."

मिक्सर बंद झाला. पुन्हा सगळं पहिल्यापासून, पण या वेळी चित्रं निवडायला लागली नाहीत. फोटो पूर्ण उतरला. "...वरच्या वाडीच्या जनावरांस द्यावे व त्यानंतर गावाने घ्यावे." खाली दोन रांगा सह्या आणि अंगठे. धोंडीबांनी स्वतःची सही ओळखली, त्यांना तेवढीच येते. त्यांनी लॅपटॉपला हात जोडले. एका ट्रेकरनं टाळ्या वाजवल्या. मी पान साठवून घ्यायला गेले तोवर नेट पुन्हा गेलं, पण लिंक माझ्याकडं लिहून होती. त्या दिवशी मी फार आनंदात होते, हे कबूल करते.

*

ग्रामसभेच्या दिवशी सकाळी माझ्या दुकानात ते पान पुन्हा उघडलं. अकरा वेळा नाही उघडलं, बाराव्यांदा उघडलं. पुन्हा कधी उघडेल कुणाला ठाऊक, म्हणून आधी प्रिंट काढली. धोंडीबांनी ती धोतराची घालतात तशी घडी घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. मीही बरोबर गेले, कारण नेटचं काही विचारलं तर उत्तर द्यायला कुणी हवं.

सभेत अण्णा पहिल्या रांगेत. ग्रामसेवकांनी कागद उलटसुलट बघितला. ते वाईट माणूस नाहीत, फक्त त्यांना सही करायची भीती वाटते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, आणि कागदाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. प्रिंट काढली की कोपऱ्यात त्या दिवसाची तारीख आपोआप छापली जाते. माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. रोज शंभर प्रिंटा काढते मी.

"कागद आजचा आहे," ग्रामसेवक म्हणाले.

मी उभी राहिले. सांगितलं की तारीख प्रिंटची आहे, ठरावाची नाही. खाली जो लांबलचक पत्ता छापलाय त्यातले आकडे बघा, पहिले चार म्हणजे साल, मग महिना, मग दिवस. पान कधी साठवलं ते त्यात आहे.

"ताई, आकड्याला आम्ही तारीख मानत नाही. मधे रेघ लागते."

अण्णा हसले. त्यांच्यामागची माणसं हसली. "ह्यो ठराव सकाळी येल्ह्याच्या दुकानात झालाय," अण्णा म्हणाले, आणि कागद बघायला मागून घेतला.

मग धोंडीबा उठले. दीड महिन्यात मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता, तेव्हाही चढला नाही.

"सायेब, कागद आजचा हाय म्हंता. खाली समद्या गावाच्या सह्या हायती. मंग आजपास्नं पानी द्या की."

कुणी हसलं नाही. ग्रामसेवकांनी घड्याळ बघितलं आणि पुढचा विषय घेतला, स्मशानभूमीच्या पत्र्यांचा. अण्णा मात्र तो कागद बराच वेळ खाली मान घालून बघत बसले होते. सभा संपल्यावर त्यांनी तो परत दिला नाही, आणि धोंडीबांनीही मागितला नाही. परतीच्या वाटेवर मी त्यांना म्हणाले, आपण तहसीलला जाऊ, रेघा मारलेली तारीख मिळवू. ते म्हणाले, "ताई, तुमी आता दुकान बगा." मला त्या माणसापुढं इतकी शरम कधी वाटली नव्हती.

*

त्यानंतरच्या सोमवारी, दुकान उघडून मी नुकता कचरा काढला होता, तर अण्णा दारात. एकटे. माझ्या दुकानात ते याआधी कधी आले नव्हते, त्यांची कामं त्यांचा मुलगा पुण्यातून करतो. बसले. खिशातून ती प्रिंट काढली, घड्यांवर शाई उडाली होती.

"ह्यात नीट दिसत न्हाई. ते म्हशिनीतलं दावा."

मी नाही म्हणू शकले असते. पण मला वाटलं, बघू दे, निदान ह्यांनी तरी एकदा नीट वाचू दे. कॉम्प्युटर चालू केला, लिंक टाकली. आणि पान उघडलं. पहिल्या झटक्यात. घड्याळ बरोबर, चित्रं नाहीत, माणूस आहात का विचारलं नाही, विनंत्या जास्त झाल्या नाहीत. वरपासून खालपर्यंत अख्खा फोटो समोर. मला तिथं बसून रडू आलं, खरं सांगते. मी तोंड फिरवून प्रिंटरमधे कागद भरल्यासारखं केलं.

"खालचं मोटं करा," अण्णा म्हणाले.

मी सह्यांचा भाग मोठा केला. त्यांनी बोट फिरवत फिरवत एका अंगठ्यावर आणलं. दोन रांगांत सगळे पुरुष, आणि शेवटी ही एकच बाई. शेजारी गुरुजींनी लिहिलेलं नाव. नावापुढं अण्णांचं आडनाव.

"आई माजी," अण्णा म्हणाले. "तवा म्या पुन्याला व्हतो. माज्या वतीनं ती गेल्याली सभेला, मला कुनी सांगितलं न्हाई. त्याच साली वारली."

मी खुर्ची बाजूला सरकवून त्यांना जागा केली.

"घरात फोटू न्हाई तिचा. काडू देत नव्हती. आजून मोटं हुतंय?"

मी अजून मोठं केलं. अंगठ्याच्या रेघा दिसायला लागल्या, मधे एक तिरका व्रण होता. अण्णांनी चष्मा वर केला आणि डोळे पडद्याला लागतील इतके जवळ नेले. बाहेर पासलीची एस.टी. लागली, भरली, गेली. ते तसेच बसून होते. मला वाटलं, झालं, सुटलं आता पाणी.

बऱ्याच वेळानं ते मागं टेकले.

"ताई, हे पुसता येतं का?"

मला माहीत होतं की येतं. त्या संस्थेला नीट कारण देऊन लिहिलं, तर कधीकधी ते पान काढून टाकतात.

"काय पुसायचं, अण्णा?"

त्यांनी रुमाल काढून पडद्यावरची धूळ पुसली, अगदी हलक्या हातानं, फक्त खालच्या कोपऱ्यातली.

"वरचं समदं पुसा," ते म्हणाले. "आईचा अंगठा तेवढा ऱ्हाऊ द्या."